काँग्रेस हॉटेलचे पाणी: प्लंबरच्या परीक्षेचा इतिहास

(मोठा धागा आहे, सवडीने वाचावा.)

१९३३ च्या उन्हाळ्यात शिकागो शहरात मिशिगन सरोवराच्या काठी एक भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. नाव होते 'प्रगतीचे एक शतक'. महामंदीने देश पोळलेला असूनही लाखो लोक ते पाहायला येत होते. त्यांतले बरेचसे मिशिगन अव्हेन्यूवरच्या काँग्रेस आणि ऑडिटोरियम या दोन प्रतिष्ठित हॉटेलांत उतरत, चार दिवस राहत आणि आपापल्या गावी परतत. त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी काहींच्या पोटात कळा येऊ लागल्या, रक्त पडू लागले. गावोगावच्या डॉक्टरांना वाटले, हे अपेंडिक्स असावे किंवा आतड्याचा जुनाट विकार. काही रुग्णांची पोटे फाडली गेली आणि त्या शस्त्रक्रियांनीच त्यांचा घात केला. दुखणे होते अमीबाजन्य आमांशाचे.

त्या काळची विख्यात रंगकर्मी टेक्सस गिनन आपल्या नाटक मंडळीसह शिकागोहून पुढच्या दौऱ्यावर गेली आणि ५ नोव्हेंबर १९३३ रोजी कॅनडातील व्हँकुव्हर येथे याच रोगाने वारली. साथीचा हिशेब लागला तेव्हा सुमारे १,४०० रुग्ण आणि ९८ मृत्यू अशी नोंद झाली. रुग्ण देशभर विखुरलेले असल्यामुळे ही एकच साथ आहे, हे ध्यानात यायलाही वेळ लागला.

शहराचे आरोग्यप्रमुख हर्मन बुंडेसन यांच्या खात्याला ऑगस्टमध्येच पहिले रुग्ण आढळले होते. पहिला संशय गेला तो स्वयंपाकी आणि वाढपी यांच्यावर. साथ म्हटली की आधी गरिबाचे हात तपासायचे, ही रीत सर्वत्र सारखीच दिसते. सामान्य जनतेला धोक्याची जाणीव झाली ती नोव्हेंबरमध्ये, प्रदर्शनाचा त्या वर्षीचा हंगाम संपत आला तेव्हा. हा विलंब प्रदर्शनाच्या गल्ल्यासाठी झाला, असा आरोप तेव्हाही झाला आणि तो निराधार होता असे मला वाटत नाही. पुढे अभियंत्यांनी इमारतींच्या भिंतींआडचे नळ तपासले, तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. जुनाट, ठिकठिकाणी जोडकाम केलेले नळ. पिण्याच्या पाण्याची आणि मैलापाण्याची वाट जिथे एकमेकांना भिडते अशा अनेक जागा. त्यात एका हॉटेलचे पिण्याचे पाणी दुसऱ्यालाही पुरवले जाई.

आता प्रश्न असा की, मैला वाहून नेणाऱ्या नळातून पाणी पिण्याच्या नळात शिरते तरी कसे? पाणी तर दाबाने बाहेर येत असते.

हे समजायला शिकागोला जायची गरज नाही. आपल्याकडे नळाला रबरी पाइप लावून त्याचे टोक पिंपात बुडवून ठेवतात. पाणी 'जाते' तेव्हा तो पाइप गुळगुळ आवाज करत पिंपातले पाणी उलट ओढू लागतो, हे अनेकांनी पाहिले असेल. खालच्या मजल्यावर कोणी नळ सोडला, रस्त्याखालची मुख्य वाहिनी फुटली किंवा आगीच्या बंबाने भरमसाट पाणी खेचले, तर नळातील दाब कोसळतो, कधी तेथे निर्वात पोकळीही तयार होते. मग बुडालेल्या तोंडातून जे मिळेल ते आत ओढले जाते, मग ते पिंपातले स्वच्छ पाणी असो, न्हाणीच्या टबातले साबणाचे असो वा शौचकूपातले. यालाच बॅकफ्लो, म्हणजे उलटा प्रवाह म्हणतात. आणि पिण्याच्या व अशुद्ध पाण्याच्या वाटा जिथे जुळतात त्या जागेला क्रॉस कनेक्शन.

ऑडिटोरियमची इमारत १८८९ ची, काँग्रेसची १८९३ ची. चार दशके कित्येक हातांनी त्या भिंती फोडल्या, नळ वाढवले, वळवले, बुजवले. त्यांतल्या कोणत्या हाताला काय येत होते आणि ते येते, हे कोणी ठरवले होते? या धाग्याचा विषय तो प्रश्न आहे.

थोडे मागे जाऊ.

'प्लंबर' हा शब्द लॅटिन 'प्लंबम', म्हणजे शिसे, यावरून आला. मध्ययुगीन लंडनमध्ये हा शिशाचे पत्रे ओतणारा, छपरे मढवणारा आणि नळ जोडणारा कारागीर होता. १३६५ साली लंडनच्या प्लंबर-श्रेणीला शहराकडून नियमावली मिळाली. सात वर्षांपेक्षा कमी मुदतीचा शिकाऊ उमेदवार कोणी ठेवू नये. धंद्यातील उत्तम जाणकारांनी ग्वाही दिल्याखेरीज कोणी या कामात हात घालू नये. वजनात लबाडी करू नये, असा तिचा रोख. १६११ मध्ये राजा पहिला जेम्स याने या श्रेणीला सनद दिली. मध्यंतरी १५६३ च्या कारागीर कायद्याने सात वर्षांची उमेदवारी साऱ्या इंग्लंडला लागू केलीच होती.

या व्यवस्थेत परीक्षा होती, पण ती कशाची? सांधा गळतो का, डाग नीट बसला का, शिसे खोटे तर नाही ना, याची. परीक्षक म्हणजे धंद्यातलेच ज्येष्ठ. उमेदवार मालकाच्या घरी राहायचा, त्याचेच अन्न खायचा आणि बघून बघून शिकायचा. आपल्याकडे उस्तादाच्या हाताखाली जे 'हात बसणे' म्हणतात तेच हे. या पद्धतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. उंचावरच्या झऱ्याचे पाणी उताराने शहरातल्या हौदात आणायचे, एवढेच काम असताना पाणी उलट वाहील ही शंका कोणाच्या मनात यावी?

१८१४ मध्ये ब्रिटिश संसदेने उमेदवारीची सक्ती काढून टाकली. मुक्त बाजाराचे वारे वाहत होते. त्यानंतर कोणीही पाटी लावून प्लंबर होऊ शकत होता. आणि इतिहासाची थट्टा अशी की नेमक्या त्याच शतकात घराघरांत दाबाचे पाणी आले, शौचकूप आले, भुयारी गटारे आली. काम जितके धोक्याचे झाले तितके ते करणाऱ्याची पारख सैल झाली.

१८७१ च्या अखेरीस युवराज एडवर्ड स्कारबरोजवळच्या एका हवेलीत पाहुणचार घेऊन आला आणि विषमज्वराने मरणाच्या दारी पोचला. तो वाचला, त्याच हवेलीत उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल मात्र दगावला. दोष हवेलीच्या गटारांना दिला गेला. राजवाड्याला झळ लागली की सुधारणांना पाय फुटतात. गटारातील दूषित हवा घरात शिरून रोग पसरवते, अशी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची होती. पण तिच्यामुळे लोक गटाराचे सांधे आणि पाण्याचे सापळे बारकाईने तपासू लागले. चुकीच्या सिद्धांतातून बरोबर अभ्यासक्रम निघाला, याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१८७८ मध्ये लंडनमध्ये सिटी अँड गिल्ड्स संस्था निघाली आणि कारागिरीच्या लेखी व प्रात्यक्षिक परीक्षांना नवे रूप आले. १८८६ मध्ये जुन्या प्लंबर-श्रेणीने नोंदणीची योजना सुरू केली: परीक्षा द्या, नाव नोंदवा, प्रमाणपत्र मिळवा. पण ती ऐच्छिक होती. ती कायद्याने सक्तीची करण्याचे प्रयत्न संसदेत तडीस गेले नाहीत.

अमेरिकेने मात्र दुसरी वाट धरली. १८८१ मध्ये न्यूयॉर्क शहरासाठी कायदा झाला की, प्लंबरांनी आरोग्य मंडळाकडे नोंदणी करावी आणि नव्या घराच्या नळकामाचे आराखडे आधी मंजूर करून घ्यावेत. या ठिकाणी थांबून एक फरक पाहण्याजोगा आहे. लंडनमध्ये ग्वाही देणारा धंद्यातला ज्येष्ठ होता. न्यूयॉर्कमध्ये तो आरोग्य खात्याचा अधिकारी झाला. प्रमाणपत्राचा मालक बदलला. मग एकामागून एक शहरे आणि राज्ये परवाने देऊ लागली.

पण दरवाजा म्हटला की तो कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी बंद होतो, हेही विचारावे लागते. १८८९ मध्ये प्लंबर कामगारांची राष्ट्रीय संघटना, युनायटेड असोसिएशन, स्थापन झाली. उमेदवारीची दारे पुष्कळदा तिच्या स्थानिक शाखांच्या हाती आली. उमेदवार कोण? बहुधा सभासदाचा मुलगा, पुतण्या, भाचा. १९०५ मध्ये व्हर्जिनियातील एका सभासदाने संघटनेच्या मासिकाला लिहिलेल्या पत्रात हिशेब उघडच मांडला होता: राज्याच्या परवाना कायद्यामुळे कृष्णवर्णीय कारागीर या धंद्यातून हद्दपार होतील. लोकांच्या आरोग्याच्या नावाने केलेला कायदा, आणि त्यामागचा हेतू हा!

हे दूरच्या काळापुरते नव्हते. अमेरिकेच्या महासंघाचे बलाढ्य अध्यक्ष जॉर्ज मीनी हे मूळचे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधले प्लंबर. १९६४ मध्ये ब्राँक्समधल्या एका बाजाराच्या बांधकामावर एक कृष्णवर्णीय आणि तीन पोर्तो रिकन प्लंबर घेतले गेले, तेव्हा मीनींच्याच मूळ शाखेचे कामगार काम सोडून निघून गेले. कारण सांगितले ते त्या चौघांकडे संघटनेचे सभासदत्व नसल्याचे. आणि मीनींनी आपल्या शाखेची बाजू घेतली. त्याच्या आदल्या वर्षी, १९६३ मध्ये, केंद्रीय कामगार खात्याने उमेदवारीत भेदभाव करू नये असा नियम काढला होता. नियमाची शाई वाळायच्या आत त्याची परीक्षा झाली, म्हणायची.

तरीही उमेदवारीच्या शिक्षणाला शिस्त आली ती याच काळात. १९११ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने उमेदवारीचा पहिला व्यवस्थित कायदा केला. १९३७ मध्ये केंद्राचा फिट्झजेराल्ड कायदा आला. आज तेथे प्लंबरची उमेदवारी साधारण चार-पाच वर्षांची असते. दिवसा पगारी काम, आणि वर्षाला निदान १४४ तास वर्गात: गणित, नकाशावाचन, दाबाचे शास्त्र, स्थानिक नियम. त्यानंतर परवान्याची परीक्षा.

आता पुन्हा शिकागोकडे वळू. त्या साथीने एक अडचण उघडी पाडली. नळ जोडताना प्लंबर कितीही निष्णात असला, तरी त्याच्यामागे वीस वर्षांनी कोणी नवा टब बसवला, कोणी बागेच्या नळाला खताची टाकी जोडली, तर त्याची सारी विद्या वाया जाते. रोज चालू असलेल्या नळात काही बिघडले आहे, हे कोणाला दिसतही नाही. पाणी येत असते, स्वच्छ दिसत असते.

सर्वांत साधा उपाय जुनाच आहे, आणि तो आजही सर्वश्रेष्ठ मानला जातो: हवेचे अंतर. नळाचे तोंड भांड्याच्या काठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या दुप्पट आणि निदान एक इंच, मोकळे ठेवायचे. मधली हवा पाण्याला परतू देत नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रॉय हंटर यांनी १९३० च्या दशकात याच विषयावर प्रयोग केले. पण कारखाने, रुग्णालये, बॉयलर अशा ठिकाणी दाब टिकवायचा तर मधे हवा सोडून चालत नाही. तेथे यंत्र लागते.

१९४४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात केवळ क्रॉस कनेक्शनच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. यंत्रांची पारख कशी करायची, याची पद्धत तेथे बसवली गेली. या यंत्रांतले सर्वांत भरवशाचे म्हणजे कमी दाबाच्या तत्त्वावर चालणारे. त्यात एकामागे एक दोन एकमार्गी झडपा असतात. (आपल्याकडचे प्लंबर ज्याला 'एनआरव्ही' म्हणतात, तशाच.) दोहोंच्या मधल्या कप्प्याला तिसरी, बाहेर उघडणारी झडप असते. त्या कप्प्यातला दाब नेहमी येणाऱ्या पाण्यापेक्षा कमी राखायचा. हा फरक चौरस इंचाला २ पौंडांपर्यंत उतरण्याआधी तिसरी झडप उघडली पाहिजे आणि मधले पाणी जमिनीवर सांडले पाहिजे. दूषित पाणी मागे जाण्याऐवजी बाहेर पडते, हे यातले शहाणपण.

पण झडपेतही वाळूचा कण अडकतो, रबर झिजते, स्प्रिंग थकते, आणि झडप बिघडली तरी नळाला पाणी येतच राहते. म्हणून कायद्याने एक नवा माणूस निर्माण केला: प्रमाणित बॅकफ्लो तपासनीस. माझ्या मते या साऱ्या कथेतले सर्वांत नवे पात्र तेच. त्याची तुलना १३६५ च्या उमेदवाराशी करून पाहा. याचे शिक्षण सात वर्षांचे नाही. प्रचलित अभ्यासक्रम सुमारे ४० तासांचा. मात्र बऱ्याच ठिकाणी तेथे बसण्याआधी नळकामाचा काही वर्षांचा अनुभव मागतात. आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक. परीक्षकासमोर खऱ्या झडपेच्या चाचणी-तोट्यांना दाबफरक मोजणारे उपकरण जोडायचे, ठरलेल्या क्रमाने तोट्या उघडायच्या-मिटायच्या, तिसरी झडप नेमकी कितीवर उघडली ते वाचायचे, दोन्ही एकमार्गी झडपा घट्ट आहेत का ते पाहायचे आणि सारे कागदावर उतरवायचे. क्रम चुकला तर उत्तर बरोबर येऊनही उमेदवार नापास होऊ शकतो, कारण चुकीच्या क्रमाने बिघडलेली झडपही चांगली 'दिसते'. त्याच्या उपकरणाचीही दरसाल पारख करून घ्यावी लागते. आणि प्रमाणपत्र जन्मभराचे नसते. साधारण तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा.

हे सारे अवडंबर वाटत असेल, तर १९६९ मधील मॅसॅच्युसेट्सच्या वुस्टर गावची हकीकत ऐका.

तेथील होली क्रॉस महाविद्यालयाचा फुटबॉल संघ २९ ऑगस्टला सराव करत होता. मैदानालगत जमिनीच्या पातळीखाली खड्ड्यांत नळ बसवले होते. शेजारच्या इमारतीतील काही मुलांना तेव्हा कावीळ झालेली होती. ती मुले त्या डबक्यांत खेळत. त्याच दिवशी जवळपास कोठे तरी घराला आग लागली, बंबांनी रस्त्यावरच्या नळखांबातून पाणी खेचले, दाब कोसळला आणि खड्ड्यातले पाणी नळात ओढले गेले. खेळाडू नेहमीसारखे पाणी प्यायले. महिन्याभरात संघ आडवा झाला. तपासण्या केल्या तेव्हा खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून ९७ पैकी ९० जणांना बाधा झाल्याचे आढळले. दोन सामन्यांनंतर महाविद्यालयाने उरलेला हंगामच रद्द केला. पहिल्या वर्षाच्या मुलांचा सराव त्यानंतर काही दिवसांनी, त्याच मैदानावर सुरू झाला होता. त्यांच्यापैकी कोणी आजारी पडले नाही. या फरकावरूनच संशोधकांना तो एक दिवस हेरता आला.

शिकागोला तोवर ३६ वर्षे झाली होती. विद्यापीठातले प्रतिष्ठान २५ वर्षांचे होते. ज्ञान होते, यंत्र होते. त्या खड्ड्यातल्या नळाकडे पाहणारा जाणता डोळा नव्हता. १९७४ मध्ये सुरक्षित पेयजलाचा केंद्रीय कायदा झाला आणि त्यानंतरच्या काळात राज्याराज्यांत दरवर्षीच्या तपासणीचे नियम घट्ट होत गेले.

प्रमाणपत्र मात्र पोकळही असू शकते. कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात घातक जिवाणू मिसळले. सात माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली. हे बॅकफ्लोचे प्रकरण नव्हते. पण न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत उघड झाले की पाणीपुरवठा चालवणाऱ्यांकडे रीतसर प्रमाणपत्रे होती, फक्त ती परीक्षा न घेता, जुन्या नोकरीच्या आधारावर बहाल झालेली होती. नवा कायदा आला की जुन्यांना सरसकट आत घ्यायचे, ही सवलत जवळपास प्रत्येक परवाना पद्धतीने कधी ना कधी दिली आहे.

आणि आपल्याकडे? मुंबई महानगरपालिका प्लंबरांना परवाने देते. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत उमेदवारी करता येते. पण शहरांतले पुष्कळसे नळकाम अजूनही नात्यागोत्यातून शिकलेल्या हातांनी होते. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर देशभर जात आले आहेत; काका पुतण्याला घेऊन येतो, पुतण्या गावच्या मित्राला. ही १३६५ ची लंडन-पद्धतच आहे, फक्त सनदेवाचून. त्यांच्या हातातले कसब मी कमी लेखणार नाही. तो हात वर्गात बसला तर काय होईल, याचा अंदाज घेऊनच तेथे पट्टामुंडाई येथे सरकारने नळकामाचे शिक्षण देणारी संस्था काढली आहे.

शिकागोत दाब अपघाताने कोसळत असे. महाराष्ट्रातील कित्येक शहरांत तो रोज कोसळतो, कारण पाणी दिवसातून काही तासच येते. काही गावांत तर काही दिवसांनी एकदा. त्यात जो तो थेट नळालाच मोटर लावून पाणी खेचतो, तेव्हा रस्त्याखालच्या वाहिनीत पोकळी तयार होते आणि शेजारच्या फुटक्या गटाराचे पाणी आत यायला वाट मिळते. राष्ट्रीय इमारत संहितेत क्रॉस कनेक्शनला मनाई आहे, हवेचे अंतर राखण्याचा नियमही आहे. मात्र वर्षातून एकदा उपकरण घेऊन येणारा, झडप तपासून कागदावर सही करणारा स्वतंत्र तपासनीस हा पेशा आपल्याकडे रुळलेला नाही. एखाद्या सोसायटीच्या पंपघरात एनआरव्ही बसवलेला असतो. तो कधी बसवला, हे वॉचमनला ठाऊक नसते आणि शेवटचा कधी तपासला, याची चिठ्ठी त्यावर नसते.